मुतखड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन: कुठला फोटो कधी काढायचा आणि त्यात काय बघायचं

“साहेब, फोटो हाय की हो, परत कशाला काढायचा?”

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हे वाक्य मी 22 वर्षं ऐकत आलोय. मी एक्स-रे टेक्निशियन. कोल्हापुरातल्या वेगवेगळ्या ऑपरेशन थिएटरांत सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायचा हलता एक्स-रे, चालवतो. सुरुवातीला मलाही वाटायचं, पेशंटचं खरं आहे, उगाच खर्च कशाला. मग एक दिवस राधानगरीकडचा एक शेतकरी आला. मूत्रवाहिनीत (किडनीतली लघवी मूत्राशयात आणणाऱ्या नळीत) 7 मिमीचा खडा, पण फोटो दोन महिन्यांपूर्वीचा. मणक्यातली भूल दिली, दुर्बीण वर गेली, आणि मूत्रवाहिनी झाडून-लोटून साफ! खडा कधीच पडून गेला होता. घरात हुलग्याचं कढण चालू होतं म्हणे. गावात कढणाचं नाव झालं, इकडं थिएटरमध्ये आमची तोंडं बारीक झाली. सकाळी एक साधा फोटो काढला असता तर त्या माणसाची भूल वाचली असती. चुकीत मीही होतोच, कारण ‘आज फोटो नाही का?’ एवढं विचारायला माझी जीभ रेटली नव्हती.

पूर्वी मुतखड्यासाठी बरगडीखाली वीतभर चिरायचे. सर्जनचा हात किडनीपर्यंत जायचा, बोटाला खडा लागायचा. आता पाठीत सेंटिमीटरभर भोक पाडून किंवा लघवीच्या वाटेनंच काम होतं. हात आत जात नाही, त्यामुळं हाताला जे कळायचं ते आता चित्रातून कळून घ्यावं लागतं. निर्णय डॉक्टरांचाच, पण कुठलं चित्र कशासाठी हे घरच्यांना ठाऊक असेल तर चार प्रश्न नीट विचारता येतात.

कळ आली त्या दिवशी: सोनोग्राफी

कुशीतनं जांघेत उतरणारी कळ आली की पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफीच. किरण नाहीत, खर्च कमी. पाणी पिऊन, लघवी तुंबवून जा. मूत्राशय भरलेलं असलं की मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाचा, तोंडाशी अडकलेला खडा दिसतो. नाहीतर आतड्यातला गॅस आडवा येतो आणि रिपोर्टवर ‘नीट दिसले नाही’ असं येतं.

सोनोग्राफीत दोन गोष्टी चांगल्या कळतात: किडनीतला खडा आणि किडनीला आलेली सूज. सूज म्हणजे पुढं वाट अडल्यानं मागं तुंबलेली लघवी. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा मात्र सोनोग्राफीला सहसा सापडत नाही. शिवाय सोनोग्राफी खडा आहे त्यापेक्षा थोडा मोठा दाखवते. त्यामुळं ‘6 मिमी’ वाचून घाबरू नका. साधारण 5 मिमीपर्यंतचे मूत्रवाहिनीतले खडे दहात सहा-सात जणांचे आपोआप पडतात. 5 ते 10 मिमीत निम्म्याच्या आसपास.

एकच गोष्ट थांबू देत नाही. खडा अडकलाय आणि थंडी वाजून ताप आलाय, तर हुलगे, पानफुटी, ‘सोमवारी बघू’ हे सगळं बाजूला ठेवा. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की रात्रीत रक्तात पसरतात. अशा वेळी खडा फोडत नाहीत. आधी आतून नळी टाकून किंवा सोनोग्राफीत बघत पाठीतून सुई घालून लघवी मोकळी करतात. खड्याचं नंतर बघतात.

साधा एक्स-रे: जुना, पण सी-आर्मचा सख्खा भाऊ

किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा हा साधा फोटो, त्याला आम्ही केयूबी म्हणतो. आदल्या रात्री पोट साफ होण्याचं औषध दिलं असेल तर घ्याच. आतड्यात गॅस आणि मळ असला की 5 मिमीचा खडा त्यात हरवून जातो.

कॅल्शियमचे खडे पांढरे दिसतात आणि बहुतेक खडे कॅल्शियमचेच असतात. युरिक ॲसिडचा खडा दिसत नाही. उलट, जे खडे नाहीत ते दिसतात: ओटीपोटातल्या शिरांत साचलेल्या चुन्याचे गोल ठिपके हुबेहूब खालच्या मूत्रवाहिनीतल्या खड्यासारखे. उतारवयातल्या पेशंटमध्ये हे वारंवार होतं. शंका आली तर सीटीनं निकाल लागतो.

‘सीटी केलाय, मग एक्स-रे कशाला?’ असं विचारतात. उत्तर सोपं आहे. ऑपरेशनमध्ये जे मशीन डोक्यावर असतं ते सी-आर्म, म्हणजे हलता एक्स-रेच. साध्या फोटोत खडा दिसला तर सी-आर्मवरही दिसणार. नाही दिसला, तर सर्जनला आधीच तयारी ठेवावी लागते: किडनीत रंगीत औषध (एक्स-रेत उठून दिसणारं) भरून त्यात खड्याची रिकामी सावली शोधायची, नाहीतर सोनोग्राफीची मदत घ्यायची.

सीटी स्कॅन: खरा आराखडा इथं

यासाठी शिरेतून औषध न देता केलेला साधा सीटी पुरतो. काही मिनिटांत उरकतो, आणि खडा असेल तर शंभरात पंच्याण्णवच्या वर वेळा सापडतो, मग तो कॅल्शियमचा असो की युरिक ॲसिडचा. सांगून ठेवा: ‘खड्यासाठी आहे, लो-डोसमध्ये जमेल का?’ लो-डोसमध्ये किरणांचा डोस 3 मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, त्यावरून अंदाज करा. पेशंट फार जाड असेल तर लो-डोसचं चित्र दाणेदार येतं, तिथं नेहमीचा डोस लागतो.

रिपोर्ट हातात आला की लोक फक्त मिमीचा आकडा बघतात आणि पाकीट बंद करतात. निदान चार गोष्टी बघा.

पहिली, खडा नेमका कुठं आहे. किडनीच्या आत लघवी गोळा होणारे छोटे कप्पे असतात. वरचा, मधला, खालचा. खालच्या कप्प्यातला खडा हा चिवट गिऱ्हाईक. फुटला तरी तुकडे खालीच बसतात, चढून बाहेर येत नाहीत. आडात पडलेल्या घागरीसारखं, गळ टाकूनच काढावं लागतं.

दुसरी, खड्याचा कठीणपणा. सीटीत हाउन्सफिल्ड युनिट नावाचा आकडा मिळतो. ज्या इंग्रज इंजिनिअरचं हे नाव, त्यांना सीटीसाठी 1979 चं नोबेल मिळालं. या मापात पाणी 0, हवा उणे 1000. खडा 1000 च्या वर असेल तर खडा फोडायला बाहेरून दिलेल्या शॉकवेव्हला (धक्क्याच्या लहरींना) तो सहसा दाद देत नाही. 500 च्या खाली आहे आणि एक्स-रेत दिसत नाही, तर युरिक ॲसिडचा असण्याची शक्यता बरीच. असा खडा लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधानं विरघळू शकतो. म्हणजे एका आकड्यावरून ऑपरेशन टळू शकतं. रिपोर्टमध्ये तो आकडा नसेल तर विचारा. सीटीत असतोच, फक्त मोजायचा राहिलेला असतो.

तिसरी, कातडीपासून खड्यापर्यंतचं अंतर. 10 सेंटिमीटरच्या वर गेलं की शॉकवेव्हचा जोर कमी पडतो. पाठीतून जायचं असेल तर नळीही लांब मागवून ठेवावी लागते. ऐन वेळी थिएटरमधून दुकानात फोन करायची पाळी आलेली मी बघितली आहे.

चौथी गोष्ट रिपोर्टच्या ओळीत कमी आणि चित्रात जास्त असते: शेजारीपाजारी. किडनीच्या पुढं-मागं मोठं आतडं, वर फुफ्फुसाचं आवरण, डावीकडं प्लीहा, उजवीकडं यकृत. काही माणसांत मोठं आतडं किडनीच्या मागं सरकलेलं असतं. पाठीतून सुई घालताना ते आड आलं तर मोठाच घोटाळा. सीटीत हे आधी दिसतं, सी-आर्मवर दिसत नाही. दोन्ही किडन्या खाली जोडलेल्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या असल्या तरी तेही इथंच कळतं.

म्हणून फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. फिल्मवर मोजकी चित्रं असतात. सीडीत सगळे काप असतात, आणि सर्जन ते वर-खाली सरकवून कुठल्या कप्प्यातून शिरायचं ते ठरवतो. सांगली, निपाणी, कणकवलीहून माणसं येतात ती गुंडाळी केलेली फिल्म घेऊन. सीडी घरी टीव्हीखाली.

शिरेतून औषध देऊन केलेला सीटी सगळ्यांना लागत नाही. किडनीची रचना वेगळी वाटली किंवा किडनी काम करते का ते बघायचं असेल तर करतात. त्याआधी किडनी कशी चालते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासलेलं हवं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, पूर्वी अशा औषधानं अंगावर पुरळ उठलं असेल, तर न विचारता सांगा.

मग वाट कुठली?

2 सेंटिमीटरच्या वरचा किडनीतला खडा बहुधा पाठीतून, म्हणजे पीसीएनएल. 1976 मध्ये स्वीडनमध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरली. 1 सेंटिमीटरच्या आतला असेल तर शॉकवेव्ह किंवा लवचिक दुर्बीण, तिला आरआयआरएस म्हणतात. मधल्या मापाला जागा, कठीणपणा, पेशंटचं अंग आणि खिसा सगळं बघून ठरतं. मूत्रवाहिनीतला खडा लघवीच्या वाटेनं. दोन डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या तर लगेच कुणीतरी फसवतंय असं समजू नका. त्याच सीटीवर बोट ठेवून ‘हीच वाट का?’ एवढं विचारा.

आदली रात्र आणि ती सकाळ

लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ती तपासणी) आधीच झालेलं हवं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हे आठवडाभर आधी विचारा. सगळे फोटो, नवे-जुने, सीडीसकट एका पिशवीत.

आणि सकाळचा ताजा एक्स-रे. राधानगरीची गोष्ट सांगितलीच. खडे सरकतात. काल वर होता तो आज खाली आलेला असतो आणि ऑपरेशनची जातच बदलते. खडा एक्स-रेत दिसणारा नसेल तर सकाळी सोनोग्राफी करा.

बाजूची खूण पेशंट जागा असतानाच अंगावर करून घ्या. पीसीएनएलमध्ये माणसाला पालथं करतात. पालथ्या माणसाचं डावं-उजवं आणि उलटी लावलेली फिल्म, दोन्ही एकत्र आलं की शहाण्याचाही घोळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टमध्ये चीर घेण्यापूर्वीचा एक प्रश्नच आहे: आवश्यक फोटो समोर लावलेत का? मी फिल्म लावताना त्यावरचं नाव आणि बाजूचं अक्षर मोठ्यानं वाचतो. नवी पोरं हसतात. हसू देत.

थिएटरमध्ये पडद्यावर काय चालतं

आधी पेशंट उताणा. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून मूत्रवाहिनीत एक बारीक नळी वर किडनीपर्यंत सरकवतात. मग पेशंटला पालथं करायचं, छातीखाली आणि कमरेखाली उशा. (काही सर्जन उताण्या पेशंटमध्येच कुशीतून करतात.) मी सी-आर्म आत घेतो. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी कमान, एका टोकाला किरणांची नळी, दुसऱ्याला चित्र घेणारा भाग, मधे पेशंट.

त्या बारीक नळीतून रंगीत औषध सोडलं की पडद्यावर किडनीचे कप्पे उमलतात. सर्जनला हवा असतो पाठीकडच्या बाजूचा कप्पा, पण चित्र सपाट. कुठला पाठीकडचा आणि कुठला पोटाकडचा हे कसं ओळखायचं? त्याला एक युक्ती आहे. नळीतून थोडी हवा सोडतात. पालथ्या माणसात पाठ वर असते, हवा वर चढते, म्हणून पाठीकडचे कप्पे हवेनं उजळतात. औषध जड, ते पोटाकडच्या कप्प्यांत बसतं. इतकी साधी गोष्ट, पण मला आजही बघायला आवडते.

आता सुई. सर्जन म्हणतात, “आर्म तिरपा घ्या.” मी कमान साधारण 30 अंश कलवतो. सुई हव्या त्या कप्प्यावर अशी धरायची की पडद्यावर तिचं टोक आणि बूड एकाच ठिपक्यात यावं. सुईची सुई न राहता ठिपका झाला म्हणजे दिशा बरोबर. किरणांत हात येऊ नये म्हणून सुई चिमट्यात धरतात. भूलतज्ज्ञ श्वास रोखून धरतात, कारण प्रत्येक श्वासाला किडनी वर-खाली हलते. सुई थोडी आत जाते. मग मी कमान सरळ करतो आणि तेव्हा खोली कळते: टोक कप्प्याच्या अलीकडं, आत, की पलीकडं गेलंय. तिरपा, सरळ, तिरपा, सरळ. प्रत्येक वेळी एक शॉट, पाय किरण सोडायच्या पेडलवरून वर.

सुईतली सळी काढल्यावर लघवीचा थेंब टपकला की थिएटरमधला श्वास मोकळा होतो. कप्प्याच्या टोकातूनच शिरायचं असतं, दोन कप्प्यांच्या मधून नव्हे, कारण मधे रक्तवाहिन्या असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांतून जातो. चुकीच्या जागी गेलेली सुई महागात पडते.

पुढचं काम त्या मानानं सरळ. सुईतून तार, तारेवरून एकाहून एक जाड नळ्या, शेवटी 8 ते 10 मिमीची बाहेरची नळी. ‘मिनी’ पद्धतीत 5 ते 7 मिमी. प्रत्येक नळी किती आत गेली ते सी-आर्मवर बघतच सरकवायची, जास्त ढकलली तर पलीकडनं बाहेर. मग दुर्बीण, लेझर किंवा हवेच्या दाबावर चालणारी सळी, आणि खड्याचे तुकडे चिमट्यानं बाहेर. शेवटी दुर्बिणीनं आणि सी-आर्मनं दोन्हीकडून कप्पे तपासायचे. एकाला सुटलेला तुकडा दुसऱ्याला सापडतो.

काही ठिकाणी सुई सोनोग्राफीत बघून घालतात. त्यात किरण नाहीत, आणि आतडं-फुफ्फुस सुईच्या वाटेत येतंय का ते प्रत्यक्ष दिसतं. मात्र सोनोग्राफी मशीन आपल्याकडं गर्भलिंग निदानाविरोधी कायद्याखाली नोंदलेल्या जागेतच वापरता येतं, शेजारच्या दवाखान्यातून उचलून आणता येत नाही. मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (केलेल्या तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवायचा प्रयोगही आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच झाला होता, जुन्या लोकांना आठवत असेल.

आरआयआरएसमध्ये सर्जन कॅमेऱ्यातून बघतात, सी-आर्म फक्त तार आणि नळी नीट चढली का यासाठी. शॉकवेव्हमध्ये चिरा नाही, पण सगळी भिस्त नेमावर: खडा एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर धरून ठेवायचा आणि पेशंट हलला की परत जुळवायचा. गरोदरपणात शॉकवेव्ह देत नाहीत.

किरणांची भीती किती धरायची

पेशंटला एकदाच, मोजून काही मिनिटं. तरीही पेडलवर पाय ठेवून गप्पा मारणारा सर्जन मला आवडत नाही आणि तसं मी सांगतो. थांबून थांबून शॉट, शेवटचं चित्र पडद्यावर धरून ठेवायचं, किरणांची नळी टेबलाखाली. आम्हाला शिशाचा ॲप्रन, गळ्याला पट्टा, छातीवर किरण मोजणारा बॅज. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. अंतर दुप्पट केलं तर डोस चौथाईवर येतो, म्हणून ‘जरा बघू का आत’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला मी दाराबाहेर काढतो.

बाईमाणसाला दिवस गेले असतील किंवा पाळी चुकली असेल, तर एक्स-रेच्या दारातच सांगावं. सासू बरोबर असली की सुना बोलत नाहीत, म्हणून मी सासूबाईंना आधी कागद भरायला पाठवतो. गरोदर बाईला आणि लहान मुलांना पहिली तपासणी सोनोग्राफीच.

घरी जाताना

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साधा एक्स-रे होतो: खडा गेला का, ऑपरेशनमध्ये आत ठेवलेली नळी जागेवर आहे का. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर आधीचे आणि नंतरचे दोन्ही फोटो कागदपत्रांत लागतात. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, पहिल्याच दिवशी भेटा. काही आठवड्यांनी सोनोग्राफी, गरज वाटली तर सीटी. निघालेला खडा देवघरात ठेवायला मागू नका, तपासणीला पाठवा. कशाचा बनलाय ते कळल्यावर पथ्य ठरतं.

आणि ती आतली नळी, डीजे स्टेंट. दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखी वळलेली, एक किडनीत, एक मूत्राशयात. डॉक्टर सांगतील त्या तारखेला, बहुधा काही आठवड्यांत, ती काढायचीच असते. त्रास थांबला की लोक विसरतात. गडहिंग्लजकडच्या एक मावशी दीड वर्षानं आल्या. एक्स-रेत नळीची दोन्ही टोकं पांढऱ्या गोळ्यांत बुडालेली, बोअरच्या पाण्याच्या नळावर क्षार बसतात तशी. नळी काढायला आधी खडे फोडावे लागले, दोन वेळा थिएटर. “कुणी सांगितलंच न्हाई,” म्हणाल्या. सांगितलं असेल, डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत.

तेव्हापासून मी फोटोच्या पाकिटावर जाड मार्करनं मराठीत लिहून देतो: नळी आत आहे, काढायची तारीख अमुक. आणि पाकीट कपाटात नको, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवा म्हणतो.